गामेलटोर्व आणि न्यूटोर्व: कोपनहेगनच्या जुन्या जोडचौकात जाण्याआधीची तयारी

कोपनहेगनच्या सहलीचा बेत आखताना गामेलटोर्व आणि न्यूटोर्व, म्हणजे जुना चौक आणि नवा चौक, यांच्यापुढे अर्धा दिवस लिहून ठेवा. स्ट्रॉयेट हा खरेदीचा रस्ता नेमका या दोन चौकांच्या मधून जातो. वेळ आधी राखून ठेवला नाही, तर गर्दीबरोबर चालत आपण पाच मिनिटांत पलीकडे निघून जातो आणि जिथून हे शहर वाढलं ती जागा मागे राहते. मुलगा-सून किंवा लेक-जावई तिकडे नोकरीला आहेत म्हणून महिना-दोन महिने राहायला जाणाऱ्या आई-बाबांना तर मी आवर्जून सांगेन, की इथे दोनदा जा, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी. तिकीट नाही, रांग नाही, बंद व्हायची वेळही नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. डेन्मार्कला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. मे-जूनमध्ये जायचं असेल तर मुंबईतली अपॉइंटमेंट फार आधी घ्या, कारण सुट्टीच्या हंगामात तारखा पटापट भरतात. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. कोणत्याही १८० दिवसांत शेंगेन देशांत मिळून ९० दिवसच राहता येतं, त्यामुळे लांबचा मुक्काम असेल तर दिवस मोजूनच परतीचं तिकीट काढा. चलन मात्र युरो नाही, डॅनिश क्रोन.

बॅग भरताना आपल्याकडच्या आयांनी एक नियम नीट समजून घ्यावा. भारतातून युरोपीय संघात जाताना प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ बरोबर नेता येत नाहीत. म्हणजे घरचं तूप, खव्याचे पेढे, श्रीखंड राहू द्या. ताज्या फळांना आणि भाज्यांना रोपस्वास्थ्याचा, म्हणजे त्यांत कीड-रोग नसल्याचा, दाखला लागतो. केळी, नारळ, अननस अशा मोजक्या फळांना त्यातून सूट आहे, पण आंब्याला नाही. नातवासाठी हापूसची पेटी न्यायचा मोह होईल, तो आवरा. मेतकूट, भाजणी, सुक्या चटण्या यांवर भर द्या, फक्त त्यांत दुधाचं काही नाही ना एवढं पाहा.

आता खरी तयारी, म्हणजे चौकाची ओळख. माझ्या मते ही घरूनच करून जायला हवी, कारण या चौकातली सगळ्यात महत्त्वाची इमारत आज तिथे नाही. पंधराव्या शतकापासून शहराचं टाऊन हॉल गामेलटोर्वच्या दक्षिण टोकाला उभं होतं. ख्रिश्चन या नावाच्या चौथ्या राजाने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्यामागची जागा मोकळी करून न्यूटोर्व तयार केला, म्हणजे दोन चौकांच्या मधोमध ही इमारत आली. १७२८ च्या आगीत ती जळाली, पुन्हा बांधली, आणि १७९५ च्या मोठ्या आगीत परत जळाली. त्यानंतर ती तिथे कुणी उभारलीच नाही, म्हणून आज दोन्ही चौक एकच मोठं मैदान वाटतात. पण जुन्या टाऊन हॉलची रेषा फरसबंदीत दगडांनी आखून ठेवली आहे. ती शोधा आणि तिच्या कडेने एक फेरी मारा. नकाशावर जे मोकळं दिसतं ते किती भरलेलं होतं, हे त्या फेरीत कळतं. न्यूटोर्वच्या बाजूला शिक्षेचा खांब आणि वधाचा चौथराही होता. लोकांसमोर फटके मारण्याची, शिरच्छेद करण्याची ही जागा. मुलं बरोबर असतील तर हे कसं आणि किती सांगायचं ते आधी ठरवा, पण गाळू नका.

गामेलटोर्ववरचं कारंजं शहरातलं सगळ्यात जुनं. कारितास असं त्याचं नाव, काळ १६०८ च्या आसपासचा. वर गरोदर आई आणि तिची दोन मुलं, ख्रिस्ती परंपरेतल्या करुणेचं हे रूप. मला मूर्तीइतकंच तिच्याखालच्या पाण्याचं कौतुक वाटतं. चौथ्या ख्रिश्चनच्या वडिलांनी, दुसऱ्या फ्रेडरिकने, उत्तरेकडच्या एम्ड्रुप तळ्यातून सुमारे सहा किलोमीटर लाकडी नळांनी पाणी इथवर आणलं होतं. तळं शहरापेक्षा उंचावर, म्हणून पंपाशिवाय पाणी उसळायचं. कारंजं शोभेचं दिसत असलं तरी लोक इथे पाणी भरायला यायचे. औरंगाबादची पाणचक्की आणि तिची नहर पाहिलेल्या माणसाला हे लगेच समजेल. राज्यकर्त्याच्या वाढदिवशी या कारंज्याच्या धारांवर सोनेरी मुलामा दिलेले गोळे नाचवायची जुनी प्रथा आहे, त्यांना तिथे सोन्याची सफरचंदं म्हणतात. मार्गरेट राणीने जानेवारी २०२४ मध्ये गादी सोडली, आताच्या दहाव्या फ्रेडरिक राजाचा वाढदिवस २६ मे. आपल्या शाळांच्या सुट्टीतच येणारी ही तारीख. तिच्या आसपास जाणार असाल तर पर्यटन केंद्रात चौकशी करून तो दिवस मोकळा ठेवा.

न्यूटोर्वच्या बाजूला सहा खांबांची भव्य न्यायालयाची इमारत आहे, वास्तुकार सी. एफ. हान्सेन, बांधकाम १८०५ ते १८१५. आगीनंतर टाऊन हॉल आणि न्यायालय दोन्ही इथेच आले. खांबांच्या वर कोरलेलं वाक्य डेन्मार्कमधल्या युटलंड भागाच्या १२४१ च्या कायद्याच्या प्रस्तावनेचं पहिलं वाक्य आहे: कायद्याने देश उभारावा. जिथे चौथऱ्यावर माणसं मारली जात तिथेच समोर हे वाक्य आहे, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. आत अजून न्यायालयाचं काम चालतं. परवानगीशिवाय फोटो काढायला मनाई आहे, तेव्हा कॅमेरा बाहेरच्या दर्शनी भागापुरता ठेवा. मग बाजूच्या स्लुटरीगाडे गल्लीत वळा आणि वर पाहा: न्यायालय आणि तुरुंग जोडणाऱ्या कमानी दिसतील.

तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्ड ५ मे १८१३ रोजी या न्यायालयाला लागूनच असलेल्या घरात जन्मले. ते घर १९०८ मध्ये पाडलं गेलं, तिथे बँकेसाठी नवी इमारत उभी राहिली. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकलेल्यांनी त्यांचं एखादं छोटं पुस्तक बरोबर घ्यावं आणि चौकातल्या बाकावर बसून चार पानं तरी वाचावीत.

कपड्यांचं म्हणाल तर वाऱ्याचा विचार आधी करा. छत्री उलटते, टोपीचं रेनकोट-जॅकेट कामाला येतं, जूनमध्येसुद्धा. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, डिसेंबरमध्ये दुपारी पावणेचारच्या आत. हिवाळ्यात गेलात तर चौक दुपारच्या जेवणाआधीच पाहून घ्या. जमिनीवर ठिकठिकाणी दगडी फरसबंदी आहे, जाड तळव्याचे, आधीच वापरलेले बूट घाला. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यायला संकोच करू नये. मोबाईलच्या चार्जरसाठी दोन बारीक गोल पिनांचा प्लग चालतो, आपला तीन पिनांचा चालत नाही.

स्ट्रॉयेटवर १९६२ पासून गाड्या बंद आहेत, पण आसपासच्या रस्त्यांवर सायकली फार वेगात येतात. सायकलची पट्टी म्हणजे फुटपाथ नव्हे. ओलांडताना आधी मागे वळून पाहायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या. गर्दीत पाकीट आतल्या खिशात ठेवा. तातडीचा नंबर ११२.

नोटा फारशा लागत नाहीत, कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, म्हणून घरूनच बाटली न्या. विकत घेतलेल्या बाटलीवर पांत नावाची अनामत असते, ती रिकामी बाटली सुपरमार्केटच्या यंत्रात टाकली की परत मिळते. शाकाहारी मंडळींनी राईच्या पावावर बटाट्याचे काप घातलेलं स्मॉरब्रॉड मागावं, अंडं खाणाऱ्यांना पर्याय आणखी मिळतात. मांसाहारींनी गाडीवरचं सॉसेज जरूर खावं, ते बहुधा डुकराचं असतं हे मात्र माहीत असू द्या.

विमानतळावरून एम-२ मेट्रोने कोंगेन्स न्यूटोर्व (हा आपला न्यूटोर्व नव्हे, वेगळा चौक), तिथे गाडी बदलून गामेल स्ट्रँड, आणि पुढे काही मिनिटं पायी. पण मी सुचवेन की सुरुवात रॉडहुसप्लॅड्सन स्थानकापासून करा. तिथे १९०५ मध्ये सुरू झालेला आजचा टाऊन हॉल आहे. तो पाहून स्ट्रॉयेटने चौकात या, म्हणजे शहराचा कारभार आज जिथे चालतो तिथून जिथे पूर्वी चालायचा तिथवर तुम्ही स्वतः चालत याल. परतताना पाय थकले नसतील तर गामेलटोर्वच्या उत्तरेला दोन मिनिटांवरच्या कॅथेड्रलमध्ये जा. तेही हान्सेनचंच काम, आणि आत शिल्पकार थोरवाल्डसेनने घडवलेले ख्रिस्त आणि बारा प्रेषित आहेत. प्रार्थना किंवा लग्न चालू असेल तर आत सोडत नाहीत, म्हणून वेळा आदल्या दिवशी पाहून ठेवा.