नेट स्लो आहे? शिव्या घालायच्या आधी वायर लावून बघा

नेट स्लो झालं की आपण काय करतो, राउटर बंद-चालू करतो आणि तरी नाही झालं की केबलवाल्याला फोन लावून झापतो. मीपण हेच करायचो. शेवटी एकदा त्याचा पोरगा आला, माझ्या लॅपटॉपला डायरेक्ट लॅनची वायर खुपसली, प्लॅन १०० एमबीपीएसचा आणि स्पीड आला ९४, गालात हसला आणि चहा पिऊन गेला. लाइन ठणठणीत, घोळ सगळा घरातल्या वायफायचा.

म्हणून पहिलं काम हेच. राउटरपासून लॅपटॉपला वायर लावा, वायफाय बंद करा, बाकीच्यांना पाच मिनिटं मोबाइल खाली ठेवायला सांगा (हे सगळ्यात अवघड) आणि स्पीड टेस्ट करा, एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊ-दहाला. वायरवर सकाळी फुल आणि रात्री निम्मा येत असेल तर मागे केबलवाल्याच्या लाइनवर गर्दी आहे, तिथे तुमचा राउटर बदलून काहीच होणार नाही, भांडायचं तर आता बिनधास्त भांडा. प्लॅन ३०० चा आणि स्पीड नेमका ९४-९५ लाच अडकतोय? मग राउटरचा पोर्ट १०० वाला आहे किंवा वायर गंडलीये. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसला) आठही लागतात, एक जरी तुटली तरी बहुतेक वेळा गाडी १०० वर येते.

अजून एक, १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबीची फाइल उतरत नाही. ते मेगाबिट असतात, आठाने भागायचं, म्हणजे साडेबारा एमबी. यावरून लोक उगाच तक्रारी करतात.

वायरवर स्पीड बरोबर आणि मोबाइलवर रडारड असेल तर मग बँडकडे, म्हणजे वायफाय ज्या रेडिओ पट्ट्यावर चालतं त्याकडे वळा. घरी दोन नावं दिसतात, एक साधं आणि एकाच्या शेवटी ५जी लिहिलेलं. त्या ५जीचा मोबाइलच्या फाइव्हजीशी काडीचाही संबंध नाही, माझे सासरे 'त्याचा रिचार्ज वेगळा मारावा लागतो का' म्हणून घाबरून जुन्यालाच चिकटून होते. ते ५ गिगाहर्ट्झ आहे, दुसरं २.४.

२.४ लांब जातं, भिंतीतून बऱ्यापैकी आरपार जातं, पण तिथे गर्दी मरणाची. एकमेकांवर न चढणारे चॅनल (पट्ट्यातल्या लेनच म्हणा) तीनच, १, ६ आणि ११, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये रात्री स्कॅन केलं तर तेवीस नेटवर्क दिसतात, सगळी त्यातच कोंबलेली. वर ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्हपण त्याच पट्ट्यात चालतो, म्हणून शेजारणीने भाजी गरम केली की आमचा कॉल अडखळतो. ५ मध्ये जागा भरपूर, ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने त्यातला एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा लायसन्सशिवाय वापरायला मोकळा केला. पण आरसीसीची एक भिंत आणि मध्ये लोखंडी कपाट आलं की ते दम टाकतं.

त्यामुळे टीव्ही, लॅपटॉप, राउटरच्याच खोलीत वापरायचा मोबाइल, हे सगळं ५ वर. आतली बेडरूम, दाराचा कॅमेरा, स्मार्ट बल्ब हे २.४ वर, असले बल्ब-प्लग तर बहुतेक ५ बघतच नाहीत. राउटरला दोन्ही बँडचं एकच नाव ठेवायची सोय असते, चांगली चालली तर उत्तम, पण फोन २.४ लाच चिकटून बसत असेल तर सरळ दोन वेगळी नावं द्या. सेटिंगमध्ये जायचा पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. तिथे २.४ च्या चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० केली तर शेजाऱ्यांशी टक्कर वाढते. ५ ला ८० ठेवा आणि चॅनल ३६ किंवा १४९ घ्या. ५२ ते १४४ मधले चॅनल रडारसोबत वाटून घ्यायचे असतात, रडारचा सिग्नल आला की राउटरला तिथून उठावं लागतं आणि नेट मध्येच गायब.

आणि जागा! माझा राउटर दारामागे चपलांच्या स्टँडवर होता, बाजूला फ्रिज. तो हॉलच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला लावला आणि बेडरूममधला स्पीड तिप्पट झाला, खर्च दोन स्क्रू. स्वस्तातला रिपीटर (वायफाय पकडून पुढे ढकलणारा डबा) घ्यायच्या आधी हे करून बघा, कारण एकाच बँडवर चालणारा रिपीटर तेच बोलणं दोनदा बोलतो आणि स्पीड साधारण निम्मा होतो. लांबच्या खोलीपर्यंत लॅनची वायर नेऊन तिथे जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय सोडायला लावणं कधीही बरं.

फक्त राउटर हलवताना ती बारीक फायबरची वायर काटकोनात दुमडू नका, आत काच असते. मी दुमडली होती, एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लुकलुकायला लागला आणि तोच पोरगा परत चहाला.