‘ह्यॅ, लव्हस्टोरी?’ म्हणणाऱ्याशी कसं बोलावं

ग्रंथालयाच्या काउंटरवर बसलं की लोक पुस्तक कसं पुढे करतात ते दिसतं. चरित्र असलं की मुखपृष्ठ वर. रहस्यकथा, भयकथा, त्याही वर. प्रेमकादंबरी मात्र दोन जाडजूड ग्रंथांच्या मधे येते, बहुतेकदा पालथी, आणि सोबत कुणी न मागितलेला खुलासा: “बहिणीसाठी नेतेय.” या बहिणी भलत्याच वाचनवेड्या असाव्यात, कारण लवकरच त्याच लेखिकेचं पुढचं पुस्तक लागतं.

हे लिहितेय ते अशी पालथी पुस्तकं नेणाऱ्यांसाठी. काय वाचावं ते तुम्हाला कळतं, ते मी सांगणार नाही. कुणी “ह्यॅ, लव्हस्टोरी?” म्हणालं की काय बोलायचं तेवढं सांगते. ओशाळून हसू नका आणि तावातावानं भांडूही नका. हसलात तर तुम्हीही त्याच मताच्या ठरता, भांडलात तर “बघा, किती हळव्या!” हे ऐकावं लागतं.

आधी पुस्तकाचं नाव विचारा

“कोणती वाचलीत?” एवढाच प्रश्न, आणि तोही टोमणा न मारता, खरंच जाणून घ्यायचंय अशा आवाजात. उत्तरं साधारण ठरलेली असतात. एक तर कुठलीच नाही. नाहीतर कॉलेजात कुणाच्या तरी हातातली ओढून घेऊन मधली दोन पानं मोठ्यानं वाचून दाखवली होती, ती. हशा पिकवायचा म्हणून मधलीच दोन पानं वाचली तर भल्याभल्या अभिजात कादंबऱ्यांवरही हशा पिकतो.

क्वचित कुणी खरोखर नाव घेतं आणि नेमकं काय खटकलं तेही सांगतं. त्याच्याशी वाद घालू नका, खुर्ची ओढून बसा. तो टीका करतोय, आणि टीका आपल्याला हवीच.

पुस्तकं वाचून केलेली टीका कशी असते ते बघायचं असेल तर जॉर्ज एलियट या पुरुषी टोपणनावानं लिहिणाऱ्या इंग्रज लेखिकेचा लेख बघा. ऑक्टोबर १८५६ च्या ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’ या इंग्रजी नियतकालिकात तिनं आपल्या काळातल्या बायकांच्या ‘बावळट’ कादंबऱ्यांवर निनावी लेख लिहिला. रूपवान, धनवान, धर्मग्रंथ मूळ भाषेत वाचणारी, कुठेच कमी न पडणारी नायिका तिनं अशी काही सोलून काढलीय की आजही हसू येतं. पण ती पुस्तकं तिनं वाचलेली आहेत, नावानिशी मांडलेली आहेत. त्यात तिची आणखी एक तक्रार होती, जी उद्धृत करणारे सहसा गाळतात: बाईनं सुमार लिहिलं की समीक्षक कौतुकाचा पूर आणतात आणि चांगलं लिहिलं की तेच हात आखडता घेतात. हा लेख सप्टेंबरात हातावेगळा करून, तो छापून येण्याआधी त्याच महिन्यात तिनं स्वतःची पहिली कथा लिहायला घेतली.

“शेवट ठाऊकच असतो”

हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो, म्हणून इथे घाई करू नका. आधी सरळ मान्य करा. हो, ठाऊक असतो. अमेरिकेतल्या ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या १९८० साली स्थापन झालेल्या संघटनेनं तर व्याख्याच तशी केली: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवं आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. म्हणजे शेवट लपवलेला नाही, वाचकाला दिलेला शब्द आहे तो.

आमच्याकडे गणिताचे एक निवृत्त सर येतात, फक्त रहस्यकथा नेतात. एकदा परत आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, यात शोधायचं काय असतं? भेटतात, भांडतात, लग्न करतात.”

मी विचारलं, “सर, प्रमेयात काय सिद्ध करायचंय ते वर लिहिलेलं असतं ना?”

“असतं की. साध्य.”

“मग मार्क कशाचे देता?”

“सिद्धतेचे,” ते म्हणाले, आणि गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक उलटून पाहायला लागले.

हे उत्तर चालतं, पण त्यावर थांबू नका, कारण सिद्धता कशी तपासायची हे सांगता आलं नाही तर तो नुसता शाब्दिक विनोद होतो. पामेला रेजिस या अभ्यासिकेनं २००३ साली प्रेमकादंबरीचे आठ घटक मांडले. सगळे पाठ करायची गरज नाही. तीन लक्षात ठेवा: दोघांच्या मधला अडसर, आता सगळं संपलं असं वाटायला लावणारा क्षण, आणि अडसर नेमका कशामुळे हटला ते. बोलताना एकच पुस्तक घ्या, समोरच्याला निदान ऐकून माहीत असेल असं.

मी जेन ऑस्टिनचं ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ घेते. १८१३ सालचं. प्रकरणं एकसष्ट, आणि डार्सी एलिझाबेथला पहिल्यांदा मागणी घालतो ते चौतिसाव्या प्रकरणात. म्हणजे पुस्तक जेमतेम अर्ध्यावर आलंय. प्रेम आहे म्हणतो आणि त्याच दमात तिचं घराणं कसं खालचं आहे तेही ऐकवतो. ती त्याला उभाच कापते. दुसऱ्या दिवशी तो तिच्या हातात पत्र ठेवून निघून जातो, आणि छत्तिसावं प्रकरण जवळजवळ पूर्ण त्या पत्राच्या वाचनावर आहे: आधी रागानं, मग पुन्हा, मग एकेक वाक्य ताडून. बाहेर काही घडत नाही. एक हुशार बाई आपण माणसं ओळखण्यात कुठे फसलो ते स्वतःशी कबूल करते, एवढंच घडतं. दुसरी मागणी येते अठ्ठावन्नाव्या प्रकरणात. त्या दोन मागण्यांमधल्या प्रकरणांत दोघंही बदललेत, आणि ते बदललेत हे आपल्याला पटतं. शेवट ठाऊक असूनही लोक हे पुस्तक परत परत वाचतात ते या मधल्या भागासाठी.

यावरून मी एक कसोटी ठरवलीय, तिला मी फोनची कसोटी म्हणते. दोघांतला अडसर एका फोननं दूर होणार असेल तर कादंबरी कच्ची. नायिका नायकाला कुणा बाईबरोबर बघते, बोलणं टाकते, पुढची शंभर पानं उशी भिजवते, आणि ती बाई त्याची आत्तेबहीण निघते. असलं पुस्तक मी शिफारशीच्या फळीवर ठेवत नाही. उलट, दोघांनाही एकच नोकरी हवीय, आजारी वडिलांमुळे तिला गाव सोडता येत नाही, त्याच्यावर भावाच्या कर्जाचा बोजा आहे, आणि दोघांनाही एकमेकांची अडचण पुरती माहीत आहे. इथे फोन करून करून काय बोलणार? ही कादंबरी लेखिकेला मेहनतीनं सोडवावी लागते. ही कसोटी नाक मुरडणाऱ्याला देऊन टाका. या प्रकारात चांगलं-वाईट असतं, आणि ते वाचकांनाही कळतं, हे त्याला त्यातूनच समजतं.

आणि जमलं तर हेही विचारा: दोघांपैकी एक जण शेवटी मेला असता तर हीच गोष्ट गंभीर साहित्य ठरली असती का? बऱ्याच जणांना यावर लगेच उत्तर सुचत नाही.

“बायकांचं वाचन”

इथे फार वेळ घालवू नका. नथानिएल हॉथॉर्न या अमेरिकन कादंबरीकारानं १८५५ साली आपल्या प्रकाशकाला पत्र लिहून खरडणाऱ्या बायकांच्या झुंडीच्या नावानं बोटं मोडली होती. त्यांचा कचरा लोकांना आवडतोय तोवर आपला टिकाव लागणार नाही असं त्याचं गाऱ्हाणं होतं. विक्रीचं दुखणं होतं, बोट दाखवलं दर्जाकडे. ते अजून चालू आहे.

याहून उपयोगी जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेचं १९८४ सालचं ‘रीडिंग द रोमान्स’ हे पुस्तक. तिनं वाचणाऱ्या बायकांनाच जाऊन विचारलं की तुम्ही हे का वाचता. पुस्तक उघडलं की तेवढा वेळ माझा, घरातल्या कुणाचा नाही, असं त्यातल्या अनेकींनी सांगितलं. रॅडवेला स्वतःला या कादंबऱ्यांबद्दल शंका होत्या आणि त्या तिनं लपवल्या नाहीत, म्हणून तिचं म्हणणं मला जास्त वजनदार वाटतं.

“असलं वाचून अपेक्षा वाढतात” हे याच आक्षेपाचं धाकटं भावंड. विचारा, कोणत्या अपेक्षा? समोरच्यानं ऐकून घ्यावं, चुकलं तर वागणं सुधारावं, नकार आला तर तो नकार समजावा? वाढू देत की.

जिथे तक्रार खरी आहे तिथे मान्य करा

सगळ्याची पाठराखण करायला गेलात की फसलात. कॅथलीन वुडिविसची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ १९७२ ची. तुफान खपली, आणि तिच्यात नायक सुरुवातीलाच नायिकेवर बळजबरी करतो. पुढे त्याच्याच गळ्यात माळ. त्यानंतर या धर्तीच्या बऱ्याच कादंबऱ्या आल्या. कुणी हे काढलं तर “तो काळच तसा होता” म्हणून झटकू नका. वाईट आहे, म्हणा. मग एवढंच जोडा की त्यावर सगळ्यात कडाक्याचे वाद या कादंबऱ्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या बायकांनीच घातलेत, आणि आज या कादंबऱ्यांत होकार स्पष्टपणे विचारला जाताना सर्रास दिसतो. आक्षेप घेणाऱ्यानं वाचलेलं पुस्तक कोणत्या सालचं होतं ते विचारून घ्या. पुष्कळदा ते फार जुनं निघतं.

मुखपृष्ठाबद्दल, म्हणजे शर्टाची बटणं उघडी टाकलेल्या त्या गृहस्थाबद्दल, कुणी हसलं तर तुम्हीही हसा. मोठ्या प्रकाशनांत मुखपृष्ठाचा शेवटचा शब्द सहसा लेखिकेचा नसतो.

‘मिल्स अँड बून’ हे नाव काही जण शिवीसारखं वापरतात. ही प्रकाशनसंस्था १९०८ साली निघाली तेव्हा सगळंच छापायची, जॅक लंडन आणि वुडहाउससुद्धा. प्रेमकथांकडे पुरती वळली ती १९३० च्या दशकात. आपल्याकडे ना. सी. फडके १९४० साली साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तरी त्यांच्या कादंबऱ्यांना ‘गुलाबी’ म्हणणारे काही थांबले नाहीत. मानाच्या पदानं हा प्रश्न सुटत नाही, त्यामुळे “अमक्याला पुरस्कार मिळालाय” हा मुद्दा वादात काढूच नका.

पुस्तक हातात देताना

बोलणं पुरे झालं की पुस्तक द्या. तुमचं सर्वात आवडतं देऊ नका; ते नावडलं तर तुम्हालाच लागेल. समोरचा काय वाचतो त्याला धरून द्या. इतिहास वाचणाऱ्याला जुन्या काळातल्या प्रेमकथा लिहिणारी इंग्रज लेखिका जॉर्जेट हायर चालते, तिचा काळाचा अभ्यास पक्का असतो; तिनं रहस्यकथाही लिहिल्यात, त्यामुळे खुनाबिनाशिवाय ज्यांचं भागत नाही त्यांनाही तिची ओळख तिथून करून देता येते. मालिकेतलं पुस्तक असेल तर पहिला भाग द्या. दर भागात जोडी वेगळी असली तरी आधीची जोडी मागे वावरत असते, आणि नवख्याला ही सगळी मंडळी कोण ते कळत नाही.

परत आलं की “आवडलं का?” विचारू नका. “ठीक होतं” यापलीकडे काही हाती लागत नाही. “कुठे थांबलात?” विचारा. पहिल्या पन्नास पानांत सोडलं असेल तर लेखिका बदला. मधेच नायकावर चिडून सोडलं असेल तर हरकत नाही, माणूस गुंतला होता. त्याच लेखिकेचं दुसरं द्या. आणि पूर्ण वाचलंय पण कबूल करायचं नाहीय असं दिसलं, तर मुकाट्यानं तारखेचा शिक्का मारा आणि पुढचा भाग बाहेर काढून ठेवा.