सोलर पंपाच्या पॅनेलबाबत या चुका टाळा

मे महिना लागला की जालना-परभणीकडच्या शेतांवर एक प्रश्न हमखास निघतो: "ऊन एवढं कडक, मग पंप पाणी कमी का फेकतोय?" पाणीपातळी खाली गेलेली असते हे एक कारण झालं. दुसरं कारण पॅनेलमध्येच असतं, आणि तो बिघाड नव्हे. पॅनेलला उजेड लागतो, उष्णता नाही. हे लक्षात आलं तर पुढच्या बऱ्याच चुका आपोआप टळतात.

पॅनेल सिलिकॉनचं असतं आणि त्यातले इलेक्ट्रॉन, म्हणजे वीज वाहून नेणारे सूक्ष्म कण, अणूंमध्ये अडकलेले असतात. प्रकाशाची ऊर्जा सुट्या कणांत येते, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडलं. अशा एका प्रकाशकणाकडून किमान १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जा मोजायचं अगदी छोटं माप) ऊर्जा मिळाली, तरच सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा होतो. त्याहून कमी ऊर्जेचे किरण कितीही पडले तरी वीज वाढत नाही. हिरव्या प्रकाशाच्या कणात सुमारे २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात, पण त्यानेही एकच इलेक्ट्रॉन सुटतो. उरलेली ऊर्जा पॅनेल तापवते.

आणि तापलेल्या पॅनेलचा व्होल्टेज घसरतो. पॅनेलमागच्या पाटीवर लिहिलेले वॅट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. मे महिन्यात भर दुपारी सिलिकॉन ६५ अंशांवर सहज जातं. दर अंशामागे ०.४ टक्के घट धरली, तर ३३० वॅटचं पॅनेल २७७ वॅटवर येतं. म्हणून पॅनेलखाली कडब्याची गंजी लावू नका. खालून वारा खेळला पाहिजे, शिवाय कडब्याला आगीचा धोका आहेच. "गार करू" म्हणून भर दुपारी बोअरचं पाणी मारणं त्याहून वाईट. तापलेली काच तडकू शकते, आणि खारं पाणी वाळलं की पांढरा थर उजेड अडवतो. धुवायचं तर सकाळी लवकर, आणि लगेच पुसून घ्या.

"एका फांदीची सावली, तिने काय होतंय?" खूप होतं. पॅनेलमधले सेल, म्हणजे वीज करणारे छोटे तुकडे, एकामागे एक जोडलेले असतात. पाइप एका जागी चेपला तर सगळंच पाणी अडतं, तशी सावलीतला एक सेल सगळ्या रांगेची वीज अडवतो. वर तो सेल स्वतः तापतो, कधी करपतोही. त्याला वाचवायला बायपास डायोड, म्हणजे विजेला बाजूने वाट देणारे भाग, असतात, पण एक डायोड चालू झाला की साधारण एक तृतीयांश पॅनेल बाद होतं. बांधावरचा लिंब तोडायची गरज नाही, पॅनेलची जागा ठरवतानाच हिवाळ्यातली लांब सावली कुठवर येते ते पाहून ठेवा.

सगळ्यात फसवी चूक मीटरची. "व्होल्टेज पूर्ण दाखवतोय, म्हणजे पॅनेल ठीक, मोटारच गेली" असं म्हणून लोक मोटार बाहेर काढतात. उजेड दहावा हिस्सा उरला तरी मोकळ्या, म्हणजे पंपाला न जोडलेल्या, पॅनेलचा व्होल्टेज जेमतेम दहा टक्के उतरतो. करंट मात्र दहावा हिस्साच राहतो, कारण जितके प्रकाशकण तितकेच सुटलेले इलेक्ट्रॉन. ढगाळ सकाळी पंप अडतो तो यामुळे. मोटारीला हात लावण्याआधी स्वच्छ उन्हात, पंप चालू असताना करंट तपासा. तारांत काही शे व्होल्ट डीसी असतो, म्हणून हे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्या.

पॅनेलचं तोंड दक्षिणेला हवं. आपल्याकडे १८ ते २० अंशांचा उतार बरा.

सोयाबीनच्या मळणीत भुसा-धूळ जास्त बसते, तेव्हा जास्त वेळा पुसा. पण पॅनेलवर पाय देऊन नको. डोळ्यांना न दिसणारे तडे जातात, आणि सेलचा तुटलेला भाग उन्हात असूनही त्यात सुटलेले इलेक्ट्रॉन तारेपर्यंत पोचत नाहीत.