पाण्याचे फोड: सुई उचलण्याआधी एवढं वाचा

टाचेवर टम्म फुगलेला फोड दिसला की हात आपोआप सुईकडे जातो. तीच पहिली चूक. आतलं पाणी म्हणजे घाण नव्हे, ती आपल्याच रक्तातून झिरपलेली लस, म्हणजे पातळ द्रव असतो. बूट चावला की घासून घासून कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या फटीत ही लस भरते. वरचा पातळ पापुद्रा हीच खालच्या लाल, ओल्या कातडीची सगळ्यात चांगली पट्टी. त्याच्याआड नवी कातडी धरते, लस जिरते आणि पापुद्रा वाळून आपोआप गळतो.

फुटलाच, तर पापुद्रा ओढून काढू नका. साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, तो बोटाने परत जागेवर बसवा, थोडं व्हॅसलीन लावून न चिकटणारी पट्टी बांधा. मधुमेह असेल तर पायावरचा साधा फोडही डॉक्टरांना दाखवाच. पाय बधिर झालेले असले की जखम चिघळली तरी कळत नाही.

भाजल्यावर टूथपेस्ट, लोणी, बर्फ यांतलं काहीही नको. भाजलेला भाग 20 मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली धरा.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ‘उष्णतेने आलं असेल’ म्हणून अंगावर काढण्याची. न घासता, न भाजता फोड आला, तर कारण शोधायलाच हवं. अंगाच्या एकाच बाजूला आधी आग, ठणका आणि मग पट्ट्यासारखे फोडांचे पुंजके आले, तर बहुधा नागीण. तिचं औषध पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झालं तर जास्त गुण येतो. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर उठली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. या फोडांतल्या पाण्यात विषाणू असतात. ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत, त्याला त्यातून कांजिण्या होऊ शकतात. म्हणून फोड झाकून ठेवा, गरोदर बाई आणि तान्ह्या बाळापासून दूर राहा.

बोटांच्या कडेला खाजरे, साबुदाण्याएवढे फोड येतात ते बहुतेकदा एक्झिमाचे (इसबाचे), ते एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. पण ओळख न पटवता घरात पडलेली स्टेरॉइडची ट्यूब चोळू नका. जंतुसंसर्ग असेल तर तो दबल्यासारखा वाटतो आणि आतून वाढतो. म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर खाज सुटून घट्ट, मोठे फोड वारंवार येत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञच हवेत.

आणि नवं औषध सुरू केल्यावर ताप, डोळे लाल, तोंडात फोड, कातडी सोलवटतेय असं दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी औषधाचं पाकीट बरोबर घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात जा.