जिमच्या मशीनची केबल तुटून दुखापत, आणि जिम म्हणते 'तुम्ही सही केली आहे': माझा अनुभव

लॅट पुलडाउनची (वरचा दांडा खाली ओढायचं मशीन) केबल तुटली, दांडा खांद्यावर आदळला. एमआरआय, फिजिओथेरपी धरून ३८ हजार गेले. जिमचं उत्तर एकच: फॉर्मवर 'दुखापतीस आम्ही जबाबदार नाही' लिहिलंय.

मॅनेजरला व्हॉट्सॲप केले, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिमने दाद दिली नाही. तीन महिने डोकं फिरलं.

मग हे केलं. आधी तुटलेल्या केबलचे फोटो (त्याच संध्याकाळी काढले होते, नशीब; दुसऱ्या दिवशी केबल बदललेली) आणि सीसीटीव्ही जपून ठेवा असा ईमेल. मग डॉक्टरांकडून दुखापतीचं कारण लिहिलेला कागद, बिलं, सदस्यत्वाची पावती. त्यानंतर रजिस्टर्ड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस, पोचपावतीसह. उत्तर न आल्यावर ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार आणि प्रतिज्ञापत्र. मुद्दा सही नाही, देखभालीतली हयगय म्हणजे 'सेवेतील त्रुटी' हा मांडला.

फी शून्य लागली. ती मागितलेल्या भरपाईवर नाही, जिमला दिलेल्या पैशांवर ठरते. ५ लाखांपर्यंत काही नाही. तक्रार राहत्या जिल्ह्यातही चालते, मुदत २ वर्षं. आयोगाची नोटीस पोचताच जिमचा फोन आला. बिलांची रक्कम मिळाली, पण तडजोड आयोगापुढे लेखी नोंदवूनच.