डीनॅटचा नियम बरोबर, तरी सर्व्हर लागत नाही? या चुका टाळा

फायरवॉलवर डीनॅटचा (बाहेरच्या पत्त्यावर आलेलं पॅकेट पत्ता बदलून आतल्या सर्व्हरकडे वळवण्याचा) नियम लिहिला, बाहेरून पोर्ट तपासला आणि हाती आला फक्त टाइमआउट. अशा वेळी अनेक जण तोच नियम पुसतात आणि पुन्हा लिहितात. पण बहुधा तो नियम ठीकच असतो, पॅकेट दुसरीकडेच अडलेलं असतं. ते कुठे अडलंय हे बघितल्याशिवाय नियमांना हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

समजा, बाहेरचा पत्ता २०३.०.११३.१० आणि पोर्ट ८४४३ आहे. आतला वेब सर्व्हर १९२.१६८.१०.२० वर, पोर्ट ४४३.

परवानगीच्या नियमात चुकीचा पत्ता

डीनॅट फक्त पत्ता बदलतं. पॅकेटला आत सोडायचं की नाही, हे वेगळा नियम ठरवतो. लिनक्समध्ये हा बदल प्रीराउटिंगमध्ये, म्हणजे राउटिंगचा निर्णय होण्याआधीच होतो. त्यामुळे फॉरवर्ड चेनमध्ये, म्हणजे पॅकेट पुढे सोडायचं की नाही हे ठरवणाऱ्या नियमांच्या यादीत, पोचलेल्या पॅकेटवर आतला पत्ता आणि ४४३ हा पोर्ट असतो. तिथे ८४४३ ला परवानगी देऊन उपयोग नाही. त्या नियमाचा काउंटर (नियमाला किती पॅकेट जुळली तो आकडा) शून्यावरच राहील. (आयपी फॉरवर्डिंग, म्हणजे एका इंटरफेसवरचं पॅकेट दुसऱ्यावर पाठवण्याची सोय, चालू आहे ना, तेही बघून घ्या.)

हा क्रम सगळीकडे सारखा नाही. सिस्कोच्या एएसए फायरवॉलमध्ये ८.३ आवृत्तीपासून अॅक्सेस लिस्टमध्ये (परवानगीच्या यादीत) सर्व्हरचा खरा पत्ता लिहावा लागतो, त्याआधी बाहेरचा लिहावा लागे. पालो आल्टोच्या फायरवॉलमध्ये परवानगीच्या नियमात पत्ता बदलाआधीचा, पण झोन (नेटवर्कचा विभाग) मात्र बदलानंतरचा. एका फायरवॉलची सवय दुसऱ्यावर नेली की हमखास इथेच गाडी अडते.

आतूनच बाहेरचा पत्ता तपासणं

ऑफिसच्याच नेटवर्कमधून २०३.०.११३.१० उघडून पाहिला, लागला नाही, म्हणून डीनॅट बिघडलंय असं ठरवू नका. समजा क्लायंट १९२.१६८.१०.५० आहे. त्याचं पॅकेट फायरवॉलकडे जातं, पत्ता बदलून सर्व्हरकडे येतं. सर्व्हरला मात्र क्लायंट आपल्याच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या त्याच तुकड्यात) दिसतो, म्हणून तो फायरवॉलला वगळून थेट उत्तर देतो. क्लायंटने जोडणी मागितली २०३.०.११३.१० कडे आणि उत्तर आलं १९२.१६८.१०.२० कडून, असं अनोळखी उत्तर तो स्वीकारत नाही.

यावर उपाय दोन. हेअरपिन नॅट, म्हणजे अशा पॅकेटचा स्रोत पत्ताही फायरवॉलने स्वतःचा करायचा. किंवा आतल्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत) सर्व्हरच्या नावाला थेट आतला पत्ता द्यायचा आणि आतून ८४४३ ऐवजी ४४३ पोर्ट वापरायचा. मी दुसरा निवडेन, कारण पहिल्यात सर्व्हरच्या लॉगमध्ये आतले सगळे क्लायंट फायरवॉलच्याच पत्त्याने दिसतात.

परतीची वाट

सर्व्हरचा डिफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर जाणारी पॅकेट तो ज्याच्याकडे देतो ते यंत्र, दुसराच राउटर असेल, तर उत्तर भलत्या वाटेने निघतं आणि जोडणी होतच नाही. शिवाय साध्या डीनॅटमध्ये स्रोत पत्ता बाहेरच्या माणसाचाच राहतो. सर्व्हरच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये फक्त स्थानिक सबनेटला परवानगी असेल, तर आतून सगळं चालतं आणि बाहेरून काहीच नाही.

जुनी कनेक्शन

लिनक्समध्ये नॅट टेबलमधून कनेक्शनचं फक्त पहिलं पॅकेट जातं. पुढचा सगळा कारभार कनेक्शन ट्रॅकिंगच्या, म्हणजे चालू कनेक्शनच्या यादीतल्या, नोंदीवर चालतो. त्यामुळे नियम बदलला तरी चालू कनेक्शन जुन्याच ठिकाणी जात राहतं. सतत यूडीपी पाठवणाऱ्या उपकरणांच्या बाबतीत हे फार फसवं ठरतं, कारण पॅकेट येत राहिल्याने नोंद आपोआप संपत नाही. ती जुनी नोंद काढावीच लागते.

पॅकेट कुठे अडलं?

टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) आधी फायरवॉलच्या बाहेरच्या इंटरफेसवर लावा. सिन, म्हणजे जोडणी मागणारं पहिलं पॅकेट, तिथेच येत नसेल, तर दोष तुमच्या नियमांचा नाही. फायरवॉलला मिळालेला वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ मध्ये असेल, तर सेवादाता स्वतःच नॅट करतोय. त्याच्याकडे सार्वजनिक पत्ता मागा. सिन दिसलं, तरी फायरवॉलने ते सोडलं असं समजू नका, कारण टीसीपीडंपला पॅकेट नियमांच्या आधी दिसतं. म्हणून आतल्या इंटरफेसवरही लावा. तिथे दिसत नसेल तर परवानगी किंवा राउटिंग तपासा. दिसतंय पण उत्तर नाही, तर परतीची वाट आणि सर्व्हरचा फायरवॉल. सर्व्हरकडून लगेच रीसेट (जोडणी नाकारणारं पॅकेट) येत असेल, तर सेवा बंद आहे किंवा फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःपुरतीच, ऐकतेय.

सर्व्हर काढून टाकला की त्याचा डीनॅट नियमही त्याच दिवशी काढा. नाहीतर उद्या डीएचसीपीने (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेने) तोच पत्ता दुसऱ्या यंत्राला दिला, तर त्याचा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा पडेल.