जिनिंगचा सर्व्हर जळगावातून सांभाळताना

चोपड्याजवळच्या एका जिनिंगचा हिशेब आणि वजनकाट्याच्या नोंदी एकाच सर्व्हरवरच्या दोन व्हर्च्युअल मशीनवर (एका संगणकात चालणारे आभासी संगणक) चालतात. खाली केव्हीएम (लिनक्समधली अशा मशीन चालवणारी यंत्रणा), त्यावर लिबव्हर्ट (त्या मशीन सांभाळणारी सेवा). सर्व्हरला मॉनिटर नाही, म्हणून जळगावच्या माझ्या उबंटू डेस्कटॉपवरून व्हर्ट-मॅनेजरने (त्या मशीन हाताळायचा प्रोग्राम) एसएसएचमार्गे, म्हणजे दूरच्या संगणकाशी होणाऱ्या सुरक्षित जोडणीतून, जोडायला घेतलं.

एसएसएचचं लॉगिन व्यवस्थित व्हायचं, व्हर्ट-मॅनेजर मात्र परवानगी नाही म्हणून अडायचा. कारण लिबव्हर्टचं सॉकेट (इतर प्रोग्राम त्याच्याशी जिथून बोलतात ते दार) फक्त रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरला, आणि 'लिबव्हर्ट' गटातल्या युजरना उघडं असतं. सर्व्हरवर माझा युजर त्या गटात घातला, बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं (त्याशिवाय नवा गट लागू होत नाही) आणि दोन्ही मशीन यादीत आल्या. जोडताना 'युजर सेशन' निवडू नका. त्यात फक्त त्या युजरच्या स्वतःच्या मशीन दिसतात, म्हणून यादी रिकामी दिसते आणि सगळं उडालं की काय, असं वाटून छातीत धस्स होतं.

पासवर्डऐवजी एसएसएच की (ओळख पटवणारी किल्लीची फाइल) ठेवली. मशीनची स्क्रीनही एसएसएचमधूनच येते, त्यामुळे स्क्रीन दाखवणारं 5900 पोर्ट बाहेरून उघडायची गरज नाही. उघडूच नका.

हंगामात काटा थांबला की गेटबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, शेतकरी ताटकळतात. लाइट जाऊन आली आणि सर्व्हर सुरू झाला की व्हर्च्युअल मशीन आपोआप उठाव्यात, म्हणून दोन्हींच्या बूट पर्यायांत ऑटोस्टार्ट चालू केलं.